राष्ट्रपतींचा परदेश दौरा: दूतावासात पहिल्यांदाच ही जबाबदारी आलेल्यांसाठी

दिल्लीहून निरोप येतो: राष्ट्रपतींचा राजकीय दौरा (स्टेट व्हिजिट) ठरतो आहे, तारखा पक्क्या व्हायच्या आहेत, तयारीला लागा. लहान भारतीय दूतावासात भारतातून आलेली माणसं मोजकीच असतात. त्यामुळे कालपर्यंत व्हिसाचे अर्ज तपासणारा अटॅशे, नुकताच रुजू झालेला तृतीय सचिव, हिशेब पाहणारा कर्मचारी, स्थानिक ड्रायव्हर असे सगळेच या कामाला जुंपले जातात. कोणत्या मुद्द्यावर काय बोलायचं हे राजदूत आणि परराष्ट्र मंत्रालय ठरवतं. तुमच्या वाट्याला गाड्या, खोल्या, झेंडे, याद्या आणि नावं येतात. दौऱ्यात गडबड उडते ती बहुतेक वेळा इथेच, आणि ती दोन्ही देशांच्या कॅमेऱ्यांसमोर उडते. म्हणून या कामाला दुय्यम समजू नका.

पुढचं सगळं भारताच्या राष्ट्रपतींच्या दौऱ्याला धरून लिहिलं आहे. पंतप्रधानांबरोबर एसपीजी (त्यांच्या सुरक्षेचं खास दल) असते, तिची पद्धत वेगळी. बाकीचा सांगाडा बराचसा सारखा. उदाहरणासाठी द्रौपदी मुर्मू यांचा एप्रिल २०२५ मधला पोर्तुगाल आणि स्लोव्हाकियाचा दौरा मधूनमधून घेतला आहे, कारण एका दौऱ्यात दोन देश आले की तयारीतल्या बहुतेक सगळ्या अडचणी एकत्र भेटतात.

१. दौऱ्याचा दर्जा आणि यजमान काय देणार, हे लेखी घ्या

राजकीय दौरा म्हणजे पूर्ण मान: विमानतळावर स्वागत, सैनिकी मानवंदना, जिथे प्रथा आहे तिथे राष्ट्रप्रमुखासाठी २१ तोफांची सलामी, स्मारकाला पुष्पचक्र, रात्री मेजवानी. अधिकृत दौऱ्यात यातलं काही कमी होतं, कामकाजी दौऱ्यात बरंच कमी होतं. पण प्रत्येक देश हे शब्द आपल्या पद्धतीने वापरतो, तेव्हा शब्दावर विसंबू नका. यजमान देशाच्या राजशिष्टाचार विभागाकडून थेट यादी मागा:

- किती खोल्या आणि किती दिवस यजमानांच्या खर्चाने
- किती गाड्या, त्यात मुख्य गाडी कोणाची
- विमानतळावर स्वागताला कोण: राष्ट्राध्यक्ष, मंत्री की राजशिष्टाचार प्रमुख
- मेजवानीला आपल्या बाजूचे किती जण, पोशाख कोणता
- सोबतच्या मंत्री आणि खासदारांसाठी वेगळा कार्यक्रम आहे का

सापळा हा की यजमान दहा-बारा जणांचा पाहुणचार देऊ करतो आणि आपलं शिष्टमंडळ त्याच्या कितीतरी पट असतं. उरलेल्यांचा खर्च दूतावासाच्या माथी येतो आणि त्याला दिल्लीची मंजुरी लागते. पहिल्याच आठवड्यात हिशेब विभागाला हा आकडा द्या. मंजुरीशिवाय हॉटेलला आगाऊ रक्कम देता येत नाही, आणि रकमेशिवाय हॉटेल खोल्या धरून ठेवत नाही.

२. दौरा नसतानाही एक फाइल तयार ठेवा

राजकीय दौऱ्याला दोन-तीन महिने मिळाले तर नशीब समजा. राणी एलिझाबेथ यांचं निधन ८ सप्टेंबर २०२२ रोजी झालं, अंत्यविधी १९ तारखेला होता आणि राष्ट्रपती १७ तारखेला लंडनला रवाना झाल्या. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी गेले, अंत्यविधी २६ तारखेला झाला आणि त्यालाही राष्ट्रपती उपस्थित होत्या. अशा वेळी माहिती गोळा करत बसायला फुरसत नसते.

फाइलमध्ये हे असावं: शहरातल्या मोठ्या हॉटेलांची खोल्यांची संख्या आणि दर, गाड्या भाड्याने देणारे किमान तीन जण, फुलवाला, छापखाना, दुभाषे, ध्वनियंत्रणा लावणारे, विमानतळापासून आणि हॉटेलपासून जवळचं अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय, आणि या प्रत्येकाचा सुट्टीच्या दिवशी उचलला जाईल असा फोन नंबर. दर सहा महिन्यांनी ती ताजी करा.

३. विमानाच्या परवानग्या

राष्ट्रपती सहसा भारतीय हवाई दलाने चालवलेल्या बोइंग ७७७-३००ईआर विमानाने येतात. हे शासकीय विमान आहे. १९४४ च्या शिकागो कराराच्या तिसऱ्या कलमानुसार शासकीय विमानाला दुसऱ्या देशावरून उडायला किंवा तिथे उतरायला त्या देशाची खास परवानगी लागते. वाटेतल्या प्रत्येक देशाकडून ती स्वतंत्रपणे घ्यावी लागते, आणि तिचा क्रमांक उड्डाण आराखड्यात नमूद होतो. परवानगी गृहीत धरता येत नाही: सप्टेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती कोविंद आइसलँडला निघाले तेव्हा पाकिस्तानने आपल्या हवाई हद्दीतून जाऊ देण्यास नकार दिला होता.

उतरण्याची परवानगी हे तुमच्या दूतावासाचं काम. अर्जात विमानाचा प्रकार, नोंदणी क्रमांक, कॉल साइन (रेडिओवर विमानाची ओळख सांगणारं नाव), कर्मचाऱ्यांची यादी, मार्ग, येण्याजाण्याची वेळ आणि पर्यायी विमानतळ द्या. राखीव विमान असेल तर त्याचा क्रमांक त्याच अर्जात घाला; ऐनवेळी विमान बदललं आणि परवानगी पहिल्याच क्रमांकावर असली की रात्रभर फोन फिरवावे लागतात.

विमानतळावर जाऊन मोजमाप घ्या. हे विमान सुमारे ७४ मीटर लांब आहे, पंखांचा विस्तार ६४.८ मीटर. लहान राजधानीच्या विमानतळावर ते कुठे उभं राहणार, तिथून लाल गालिचा किती लांबीचा लागेल, आणि मुख्य म्हणजे शिडी पुरेल का, हे विचारा. विमानाचा दरवाजा जमिनीपासून सुमारे ५ मीटर उंच असतो. लहान विमानांची शिडी एवढी पोचत नाही. शिडी झाकलेली नसेल तर पावसासाठी छत्रीवाले कोण, तेही तेव्हाच ठरवा.

४. नोट व्हर्बाल आणि सोबतचे कागद

यजमान परराष्ट्र खात्याशी जो काही लेखी व्यवहार होतो तो नोट व्हर्बालने होतो. ती तृतीय पुरुषात लिहितात, खाली पूर्ण सही नसते, आद्याक्षरं आणि दूतावासाचा शिक्का असतो. एका नोटमध्ये एकच विषय घ्या. व्हिसा, शस्त्रं आणि वायरलेस एकाच पत्रात कोंबले तर ते पत्र तीन खात्यांत फिरतं आणि सगळ्यात संथ खात्याच्या वेगाने परत येतं.

साधारण एवढ्या नोट जातात:

- शिष्टमंडळाची यादी: नाव, पद, पासपोर्ट क्रमांक, पासपोर्टचा प्रकार, मुदत
- व्हिसा. राजनैतिक पासपोर्टला बऱ्याच देशांत सूट असते, पण पत्रकार आणि छायाचित्रकार साध्या पासपोर्टवर येतात, त्यांचे व्हिसा हमखास मागे पडतात
- सुरक्षा अधिकाऱ्यांची शस्त्रं: बनावट, कॅलिबर, अनुक्रमांक, गोळ्यांची संख्या
- वायरलेस संच: किती, कोणत्या वारंवारितेवर, किती शक्तीचे
- डॉक्टरांच्या पेटीतली औषधं, विशेषतः अमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी वेदनाशामकं
- माध्यमांचे कॅमेरे आणि इतर सामग्री. ज्या देशांत एटीए कार्ने (सामान जकात न भरता तात्पुरतं नेऊन परत आणण्याचा कागद) चालतं तिथे ते घ्या. भारतात ते फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते

शस्त्रांच्या यादीतला एक अंक चुकला तर ते शस्त्र विमानातच राहतं. अनुक्रमांक टाइप करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने वेगवेगळं वाचावं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवायचं.

५. एकच मुख्य यादी, तिचा एकच सांभाळणारा

दौऱ्यातल्या निम्म्या अडचणी याद्यांतून निघतात. व्हिसाची यादी एकाकडे, खोल्यांची दुसऱ्याकडे, गाड्यांची तिसऱ्याकडे. दिल्लीत एक नाव बदलतं आणि तिघांपैकी दोघांना कळतच नाही. म्हणून एकच तक्ता ठेवा. प्रत्येक माणसाला एक क्रमांक द्या, आणि त्याच ओळीत खोली, गाडी, बैठकीतली जागा, मेजवानीचं टेबल, सामानाचे नग, खाण्याचं पथ्य असं सगळं येऊ द्या. बदल फक्त एकाच माणसाने करायचा. प्रत्येक नव्या प्रतीच्या माथ्यावर तारीख आणि वेळ छापा, नाहीतर कालची यादी आज कोणाच्या तरी हातात असते.

नावांकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव असा क्रम. बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोराच असतो आणि सगळं नाव एकाच रकान्यात असतं. यजमानांच्या संगणकात आडनाव अनिवार्य असतं, मग तिथला कारकून शेवटचा शब्द आडनाव समजून टाकतो, आणि फाटकावर पास आणि पासपोर्ट जुळत नाहीत. उलट पोर्तुगालमध्ये माणसाला सहसा आधी आईचं, मग वडिलांचं आडनाव असतं आणि ओळख शेवटच्या आडनावाने असते. त्यांच्या पाहुण्यांची यादी मधल्या नावाने लावली तर टेबलावर कार्ड सापडत नाही.

संबोधनाचंही पाहून घ्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती भवनाने देशांतर्गत कार्यक्रमांतून 'महामहिम' हा शब्द काढला, पण परदेशी मान्यवरांशी व्यवहारात आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार 'एक्सलन्सी' चालू राहिलं. कुठे कोणतं छापायचं ते राष्ट्रपती सचिवालयाकडून पक्कं करून घ्या.

६. ॲडव्हान्स टीम येते तेव्हा

दौऱ्याच्या काही आठवडे आधी दिल्लीहून अग्रिम पथक येतं: राजशिष्टाचार, राष्ट्रपतींच्या लष्करी सचिवांचं कार्यालय, सुरक्षा, हवाई दल, माध्यम, संबंधित देशाचा विभाग. त्यांच्याकडे दोन-तीन दिवसच असतात. प्रत्येक ठिकाणी कोण भेटणार, किल्ल्या कोणाकडे, हे आधी लावून ठेवा.

पाहणी करताना राष्ट्रपती ज्या वाटेने जातील त्याच वाटेने पूर्ण चाला. गाडीचं दार उघडेल ती जागा, पायऱ्या किती, कठडा आहे का, लिफ्टमध्ये किती जण मावतात, प्रसाधनगृह किती पावलांवर, थांबण्याची खोली कुठे, बाहेर पडायची दुसरी वाट कोणती. या प्रत्येकाचं उत्तर जागेवर लिहा आणि फोटो काढा. ऐतिहासिक वास्तूंत फरशी खडबडीत असते, साडी आणि चपलेत चालणाऱ्या माणसासाठी गालिचा मागावा लागतो, आणि तो कधीकधी वास्तूच्या संरक्षकांना मान्य नसतो. लिस्बनला जेरोनिमोस मठातल्या चर्चमध्ये कवी कामोइंश यांच्या समाधीवर राष्ट्रपतींनी पुष्पचक्र वाहिलं. अशा ठिकाणी पुष्पचक्र कोण उचलणार, कुठे टेकवणार, फोटोग्राफर कुठे उभे राहणार, हे सगळं जागेवरच ठरतं.

पुष्पचक्राची फीत हा वेगळा विषय. परदेशी छापखान्यात देवनागरी मजकूर साध्या फाइलमधून गेला की जोडाक्षरं फुटतात: 'ष्ट्र' चा ष, ट आणि र सुटे होऊन मध्ये हलंत दिसू लागतात, वेलांटी चुकीच्या अक्षराला चिकटते, आणि छापणाऱ्याला ते कळायचं काही कारणच नसतं. अक्षरांचं चित्रात रूपांतर करूनच फाइल द्या आणि छापलेल्या पहिल्या फितीचा फोटो मागवा. मजकूर हिंदीत असतो. हिंदीत 'राष्ट्रपति' ऱ्हस्व आणि मराठीत दीर्घ, तेव्हा आपल्या माणसांनी इथे दोनदा बघावं.

७. मिनिट टू मिनिट कार्यक्रम

हा कागद सगळ्यांचा कायदा. प्रत्येक ओळीत वेळ, जागा, काय घडणार, कोण उपस्थित, आणि जबाबदार माणसाचं नाव असलंच पाहिजे. 'दूतावास' असं लिहिलेली ओळ म्हणजे कोणाचीच नसलेली ओळ.

वेळा स्थानिक घड्याळाने लिहा, बाजूला भारतीय वेळ द्या. युरोपात हा रकाना फार जपून भरावा लागतो. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास पुढे जातात. २०२५ मध्ये तो रविवार ३० मार्चला होता. मार्चच्या मध्यात लिस्बन आणि दिल्ली यांत साडेपाच तासांचं अंतर होतं, एप्रिलमध्ये राष्ट्रपती पोचल्या तेव्हा साडेचार. शिवाय लिस्बन आणि स्लोव्हाकियाची राजधानी ब्रातिस्लावा यांत एक तासाचा फरक. मार्चमध्ये केलेला तक्ता तसाच पुढे वापरला तर विमानाच्या परवानगीपासून दिल्लीतल्या वृत्तवाहिन्यांच्या प्रक्षेपणापर्यंत सगळं तासाभराने सरकतं. आक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हेच उलट होतं.

मिनिटं ठरवताना या गोष्टी कमी धरल्या जातात:

- दुभाषी. एकानंतर एक भाषांतर असेल तर १० मिनिटांच्या भाषणाला २० मिनिटं लागतात
- गाडीतून उतरणं, हस्तांदोलनाची रांग, परत गाडीत बसणं. वीस जणांची रांग चार-पाच मिनिटं खाते
- अभिप्राय वहीतली सही. मजकूर आधी मंजूर करून घ्या, दोन पेनं ठेवा आणि दोन्ही त्याच कागदावर चालवून पाहा. गुळगुळीत कागदावर शाई पसरते
- पोशाख बदलणं आणि विश्रांती. ही वेळ मोकळी समजून कोणीतरी तिथे भेट घुसवतं. घुसवू देऊ नका

रंगीत तालीम त्याच वाराला आणि त्याच वेळी करा. मंगळवारी सकाळी साडेनऊची वाहतूक रविवारच्या दुपारी मोजून कळत नाही.

८. ध्वज, राष्ट्रगीत, मानवंदना

यजमानाकडे आपला ध्वज असेलच असं धरू नका. भारतीय ध्वज संहिता २००२ प्रमाणे प्रमाण ३:२ आहे. गाडीसाठी २२५ × १५० मिलिमीटर, टेबलासाठी १५० × १००, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींच्या विमानासाठी ४५० × ३००. हे आकार सोबत घेऊन जा आणि शक्य तर ध्वजच द्या. यजमानांनी छापलेल्या पताका एकेक करून तपासा: अशोकचक्राचे आरे २४ आहेत का, रंग गडद निळा आहे का. नायजर देशाच्या ध्वजात पांढऱ्या पट्ट्यावर नारिंगी गोल असतो, घाईत पुरवठादार तोच पाठवू शकतो. आपला ध्वज उभा लावायचा असेल तर समोरून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला केशरी यायला हवा.

तितक्याच काळजीने त्यांचा ध्वज पाहा. आयर्लंडचा हिरवा काठीकडे, कोत द'ईव्होआरचा नारिंगी काठीकडे. फिलिपिन्सचा ध्वज उलटा लावणं म्हणजे युद्धाची खूण. सौदी अरेबियाच्या ध्वजावर कलमा आहे, तो कागदी रुमालावर किंवा फेकून द्यायच्या वस्तूंवर छापायचा नाही.

राष्ट्रपतींचा स्वतंत्र ध्वज आता नाही. १५ ऑगस्ट १९७१ पासून राष्ट्रध्वजच वापरला जातो. पण इंटरनेटवर चार चौकोनांचा जुना ध्वज अजून सापडतो, म्हणून यजमानांना हे आधीच कळवा.

राष्ट्रगीताची ध्वनिफीत आणि स्वरलेखन दोन्ही दूतावासाने द्यायचं. पूर्ण राष्ट्रगीत सुमारे ५२ सेकंदांचं असतं. बँडने कुठूनतरी उतरवून घेतलेली आवृत्ती कधी संथ, कधी एखादी ओळ जास्त, अशी निघते. तालमीला हातात स्टॉपवॉच घेऊन उभे राहा. कोणाचं राष्ट्रगीत आधी, हा यजमानांचा प्रश्न. बहुतेक ठिकाणी पाहुण्यांचं आधी वाजतं. राष्ट्रपतींच्या एडीसींना (सोबतच्या लष्करी साहाय्यकांना) तो क्रम, उभं राहायची जागा आणि मानवंदनेच्या पथकासमोरून चालायची दिशा आकृती काढून द्या.

आणि नकाशा. यजमानांच्या पुस्तिकेत, पडद्यावर, विद्यापीठाच्या फलकावर भारताचा नकाशा असेल तर छपाईआधी बघायला मागा. जम्मू-काश्मीरची सीमा तुटक दाखवलेली आढळली तर नकाशा काढून टाकायला सांगा. दुरुस्त करून घ्यायला बहुधा वेळ उरत नाही.

९. ताफा आणि सामान

ताफा कोणासाठी थांबत नाही. प्रत्येक गाडीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला बसणाऱ्यांची नावं, तीच नावं काचेवर आणि ड्रायव्हरच्या हातात. सदस्यांना सांगायचं ते एवढंच: राष्ट्रपती बाहेर यायच्या १० मिनिटं आधी आपापल्या गाडीत. मंत्र्यांशी बोलत मागे रेंगाळणारे अधिकारी दर दौऱ्यात मागे राहतात, म्हणून शेवटी एक रिकामी गाडी ठेवा. पत्रकारांची गाडी ताफ्याच्या पुढे निघते, नाहीतर त्यांना उतरतानाचं छायाचित्र मिळत नाही.

सामानाचं वेळापत्रक वेगळं. निघायच्या दिवशी सामान कित्येक तास आधी, बऱ्याचदा पहाटे, खोलीबाहेर ठेवावं लागतं, कारण ते तपासून विमानात चढायला वेळ लागतो. आदल्या संध्याकाळी प्रत्येक दाराखालून चिठ्ठी सरकवा: सामान किती वाजता, आणि 'पासपोर्ट, औषधं, उद्या घालायचे कपडे हातातल्या पिशवीत ठेवा'. रंगीत पट्ट्या लावा, देशागणिक रंग बदला. नग मोजून घ्या आणि मोजून द्या.

१०. हॉटेल आणि नियंत्रण कक्ष

राष्ट्रपतींच्या मजल्यावर डॉक्टर, एडीसी, सुरक्षा आणि निकटचे कर्मचारी. नियंत्रण कक्ष त्याच इमारतीत, पण त्या मजल्यावर नको. तिथे रात्रंदिवस ये-जा असते. त्यात दोन प्रिंटर, कागद, दूरध्वनी, मुख्य यादीची ताजी प्रत, गाड्यांचा फलक, खाण्याची सोय आणि २४ तास जागं माणूस. भारतीय प्लगसाठी अडॅप्टर पंचवीस-तीस तरी घ्या, पहिल्या तासातच संपतात.

खोल्यांच्या किल्ल्या पाकिटात नावानिशी तयार ठेवा. नोंदणीसाठी कोणालाही काउंटरवर उभं करू नका. दारातली रांगोळी गालिच्यावर काढू नका, बाजूला काढा. औक्षण करायचं असेल तर हॉटेलला आधी विचारा: निरांजनाच्या धुराने आगीची घंटा वाजली तर सगळी इमारत रिकामी करावी लागते.

११. जेवण

'शाकाहारी' एवढं लिहून भागत नाही. अंडं, जिलेटिन, प्राण्यांच्या रेनेटचं (वासरांच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं) चीज, माशांचा किंवा कोंबडीचा रस्सा, कांदा-लसूण हे एकेक नाव घेऊन लिहा. पोर्तुगालचं काल्दू व्हेर्दे दिसायला बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं सूप, पण त्यात शोरिसू या डुकराच्या सॉसेजची चकती घालतात. चकती काढून टाकली म्हणजे सूप शाकाहारी होत नाही, हे स्वयंपाकघराला आधी सांगा. स्लोव्हाकियात स्वागताला पाव आणि मीठ देतात. तो तुकडा मोडून मिठाला लावायचा असतो, हे राष्ट्रपतींच्या टिपणात एका ओळीत असावं. शुभेच्छेसाठी पेले उंचावायचे तेव्हा आपल्या बाजूच्या पेल्यात काय, हेही आधीच ठरवा. फळांचा रस मागितला तर कोणी वाईट मानत नाही.

१२. करार असतील तर

मजकूर अंतिम झाल्याशिवाय छापू नका, आणि तो अंतिम झाल्याचं मंत्रालयाच्या कायदा आणि करार विभागाकडून लेखी घ्या. दोन मूळ प्रती, प्रत्येकी हिंदी, यजमानांची भाषा आणि इंग्रजी. आपल्या प्रतीत भारताचं नाव आणि सही आधी, त्यांच्या प्रतीत त्यांची. मजकुरात, सहीच्या जागी आणि मुखपृष्ठावर हा क्रम तिन्हीकडे सारखा हवा. फोल्डर अदलाबदल होतात आणि सही भलत्या जागी पडते, म्हणून आपल्या फोल्डरला आतून खूण करा. कागद, फीत, मोहरेची लाख आणि फोल्डर कोण आणणार हे दोन्ही बाजूंनी बोलून ठरवा. सही करणाऱ्याशेजारी पान उलटून देणारा अधिकारी लागतो, तो तालमीतही हवा.

१३. भेटवस्तू

दिल्लीहून वस्तू येतात, पण सल्ला दूतावासाचा असतो. हस्तिदंत, शहातूश (तिबेटी हरणाची लोकर), रानटी प्राण्यांचे अवयव हे विषयच नाहीत. १०० वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिला देशाबाहेर नेता येत नाही. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलियासारख्या देशांत लाकूड, बिया, पिसं, फुलांचे हार, मिठाई या सगळ्यांवर जैवसुरक्षेचे कडक नियम आहेत. पैठणी किंवा वारली चित्र चांगली भेट होते. चित्राची चौकट लाकडी असेल तर प्रक्रियेचा दाखला जोडा. प्रत्येक वस्तूवर कोणाला, कोणत्या प्रसंगी, अशी चिठ्ठी आतून लावा. मिळालेल्या भेटींची नोंद त्याच रात्री, फोटोसह. त्या मंत्रालयाच्या तोशाखान्यात (भेटवस्तूंच्या भांडारात) जातात.

१४. भारतीय समुदायाचा कार्यक्रम

इथे दूतावासाला सगळ्यात जास्त रुसवेफुगवे सोसावे लागतात, आणि राष्ट्रपतींना भेटायला वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसंही इथेच येतात. मनापासून करण्याचं काम आहे हे.

आधी समुदाय ओळखा. पोर्तुगालमध्ये गोव्याहून आलेली कुटुंबं आहेत, मोझांबिकमार्गे आलेले गुजराती आहेत, अलीकडे आलेले विद्यार्थी आणि कामगार आहेत. गोव्यामुळे १९५५ मध्ये तुटलेले राजनैतिक संबंध डिसेंबर १९७४ च्या करारानंतर पुन्हा जुळले. भाषणाच्या आणि पाहुण्यांच्या यादीच्या प्रत्येक शब्दामागे हा इतिहास असतो. मॉरिशसमध्ये तर पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणारा समाज आहे, आणि मार्च २०२४ च्या दौऱ्यात राष्ट्रपतींनी तिथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डाची सोय जाहीर केली. अशी घोषणा व्हायची असेल तर दुसऱ्या दिवशी दूतावासाच्या खिडकीवर रांग लागते. अर्ज आणि माहितीपत्रक तयार हवं.

- निमंत्रण नावानिशी द्या, 'मंडळाला पन्नास पास' देऊ नका. पन्नासाचे सत्तर होतात
- तपासणी किमान दोन तास आधी सुरू करा. मोठ्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या नकोत हे निमंत्रणावरच छापा
- आत घेतल्यावर पाणी आणि प्रसाधनगृह हवंच, नाहीतर वृद्ध माणसं आणि मुलं हाल काढतात
- समूह छायाचित्रं गटागटाने. गट आधी उभे, राष्ट्रपती मधल्या खुर्चीवर. एका गटाला दीड मिनिट
- ढोल-ताशा किंवा लेझीम असेल तर वाद्यं आदल्या दिवशी तपासणीला द्या, आणि बंद सभागृहात ढोल नको. ध्वनियंत्रणेवरचं काहीच ऐकू येत नाही
- पुष्पगुच्छ द्यायला दोन मुलं निवडा आणि दोन राखीव ठेवा

१५. विमान उडाल्यानंतर

दौऱ्यात पुढचा देश असेल तर लगेच तिथल्या दूतावासाला फोन: प्रत्यक्ष किती जण विमानात चढले, किती नग, कोण आजारी, कार्यक्रमात काय बदललं. विमान तिथे उतरल्याचा निरोप येईपर्यंत नियंत्रण कक्ष बंद करू नका. परत फिरण्याची वेळ आली तर याच खोल्या आणि याच गाड्या लागतात.

मग खोल्या तपासा. चार्जर, औषधं, चष्मे राहतातच, पण मुख्य म्हणजे कागद: टिपणं, भाषणाच्या प्रती, मिनिट टू मिनिट, सगळं गोळा करून नष्ट करा. आभाराच्या नोट आठवडाभरात पाठवा, त्यात पोलीस, विमानतळ आणि बँडही धरा. हॉटेलचं बिल खोलीगणिक मुख्य यादीशी ताडून पाहा. रद्द झालेल्या खोल्या, खोलीत मागवलेलं वैयक्तिक खाणं आणि यजमानांच्या वाट्याचा खर्च हे तीन आकडे त्यात हमखास मिसळलेले असतात, आणि ते हॉटेलचा व्यवस्थापक तुम्हाला ओळखतो आहे तोवरच सुटे करून मिळतात.